हिमयुगातला आपला भाऊबंद

कामगार चळवळीत वावरणाऱ्या माणसाने हिमयुगावर काय बोलावे, असे काही श्रोत्यांच्या मनात येईल. आमचे उत्तर साधे आहे. जेथे हाताचे काम आहे तेथे आमचा विषय आहे. आणि हाताचे काम आपल्या मानवजातीहूनही जुने आहे.

याची खूण आपल्या शेजारीच आहे. चाकणहून नाशिकच्या रस्त्याने खेड, मंचर, नारायणगाव मागे टाकले की कुकडी नदी लागते. तिच्या काठच्या बोरी गावी डेक्कन कॉलेजच्या संशोधकांना ज्वालामुखीच्या राखेचा थर आणि दगडी हातकुऱ्हाडी आढळल्या. ही राख सुमात्रा बेटावरील टोबा ज्वालामुखीची, म्हणजे सुमारे ७४ हजार वर्षांपूर्वीची, असे काही विद्वान म्हणतात. काहींच्या मते ती कितीतरी जुनी आहे. हत्यार राहिले, घडविणारा गेला. ५ डिसेंबर १९८२ रोजी नर्मदाकाठी हथनोरा येथे भूवैज्ञानिक अरुण सोनकिया यांना एका प्राचीन मानवाच्या कवटीचा भाग सापडला. तो मानव कोणत्या जातीचा, यावर अद्याप एकमत नाही.

हत्यारावरून हात कळतो. तो हात कोणाच्या सोबतीने जगला हे कळायला हाडे लागतात. अशी हाडे भरपूर मिळाली ती निअँडरथल मानवाची. १८५६ साली जर्मनीतील निअँडर खोऱ्यात चुनखडीच्या खाणीवरील मजुरांच्या हाती त्यातली काही लागली. हा मानव भारतात आढळलेला नाही. युरोप व पश्चिम आशियात तो हिमयुगात राहिला आणि सुमारे ४० हजार वर्षांपूर्वी नाहीसा झाला. पुष्कळ काळ विद्वानांनी त्याला मठ्ठ रानटी ठरविले होते.

परंतु इराकमधील शानिदार गुहेत १९५७ साली राल्फ सोलेकी यांच्या उत्खननात एका प्रौढ निअँडरथल पुरुषाचा सांगाडा निघाला. उजवा हात कोपराच्या आसपास तुटलेला, पाय अधू, डाव्या डोळ्याजवळ जबर मार. मात्र या जखमा मरणापूर्वी कितीतरी आधी भरून आल्या होत्या. शिकारीवर पोट भरणाऱ्या टोळीत असा माणूस वर्षानुवर्षे जगला कसा? त्याला कोणीतरी आपल्या वाट्यातले दिले असणार, मुक्काम हलला तेव्हा बरोबर नेले असणार, असाच अर्थ अनेक संशोधक लावतात.

भोसरी-चिंचवडच्या लहान वर्कशॉपांतून प्रेसखाली बोटे गेलेली तरुण पोरे आम्ही पाहतो. आपल्याकडे नुकसानभरपाईचा कायदा १९२३ सालीच झाला. पण ठेकेदाराच्या मस्टरवर नाव नसले की जखमी माणूस कोणाचाच राहत नाही. वर आम्हांला ऐकविले जाते, दुबळा मागे पडतो हा निसर्गाचा नियमच आहे. निसर्गाचा दाखला द्यायचाच तर शानिदारचाही द्यावा.

२०१० साली स्वांते पेबो व त्यांच्या सहकाऱ्यांनी निअँडरथलच्या हाडांतील आनुवंशिक द्रव्य वाचून दाखविले. या क्षेत्रातील कार्याबद्दल पेबो यांना २०२२ चे नोबेल मिळाले. आफ्रिकेबाहेरच्या लोकांत शेकडा १ ते २ एवढा अंश त्या मानवाचा आहे. म्हणजे तो आपल्यातही थोडा उरला आहे. त्याला रानटी म्हणण्यापूर्वी आपण एवढे करू: मस्टरवर नाव असो वा नसो, हात गमावलेल्या कामगाराला त्याचा वाटा मिळवून देऊ.