गाडी थांबवण्याचा इतिहास

गाड्यांचा इतिहास सांगणारे बहुतेक लोक वेगाचाच इतिहास सांगतात. कोणती गाडी तासाला किती मैल पळाली, कोणत्या इंजिनाची अश्वशक्ती किती, हे पोरांनाही तोंडपाठ असतं. पण पळणारी गाडी थांबवायची कशी हे कुणी शोधलं, असं विचारलं तर आपण एकमेकांच्या तोंडाकडे बघतो. आज मी या थांबवण्याविषयी बोलणार आहे. निमित्त अगदी साधं आहे. कोल्हापुरात आणि आसपासच्या तालुक्यांत वीस-पंचवीस वर्षांची जुनी जीप किंवा पिकअप चालवून संसार ओढणारी माणसं पुष्कळ आहेत. त्यांतला एखादा उद्यमनगरात येऊन विचारतो, "मिस्त्री, पुढच्या चाकांना डिस्क ब्रेक बसवून मिळतील काय?" प्रश्न गॅरेजमधला आहे, पण त्याच्या पोटात सव्वाशे वर्षांचा इतिहास दडला आहे.

आधी आपला भूगोल पाहू. कोल्हापूर घाटमाथ्यावरचं गाव. कोकणात जायचं तर सह्याद्री उतरण्यावाचून गत्यंतर नाही. रत्नागिरीकडे आंबा घाट, गगनबावड्याहून वैभववाडीकडे करूळ आणि भुईबावडा, कणकवलीकडे फोंडा, सावंतवाडीकडे आंबोली. गूळ आणि भाजीपाला इथून खाली जातो. मासळी, आंबे, काजू वर येतात. म्हणजे आपली भरलेली गाडी आधी उतारालाच लागते. बैलगाडीच्या काळात हा उतार बैलांच्या मानेवर यायचा. गाडीवान चाकाला लाकडी ठोकळा दाबायचा, नाहीतर दोराने चाकच अडवून ते घासत न्यायचा. घाट चढणाऱ्या बैलांचे हाल सगळ्यांना दिसतात, पण उतरणाऱ्या बैलांचे हाल त्यांच्या धन्यालाच ठाऊक असत.

मोटार आली तेव्हा तिनेही बैलगाडीचाच लाकडी ठोकळा उचलला. १८८८ च्या ऑगस्ट महिन्यात जर्मनीत बर्था बेन्झ ही बाई आपल्या दोन मुलांना घेऊन नवऱ्याने बनवलेल्या तीनचाकी मोटारीतून मानहाइमहून फोर्त्सहाइमला गेली. अंतर शंभर किलोमीटरच्या थोडं वर. मोटारीचा जगातला पहिला लांबचा प्रवास म्हणून तो नोंदला गेला आहे. वाटेत उतारांवर ब्रेकचे लाकडी ठोकळे झिजले. तेव्हा बाईंनी एका गावातल्या चर्मकाराला गाठलं आणि ठोकळ्यांवर चामडं ठोकून घेतलं. मोटारीच्या ब्रेकचं पहिलं लायनर ते हेच, असं म्हणायला हरकत नाही. ज्या गावाचं नाव चपलेमुळे जगभर गेलं, त्या गावाने ही गोष्ट लक्षात ठेवण्यासारखी आहे.

चामड्याची ही गोष्ट इथेच संपत नाही. इंग्लंडमधल्या डर्बीशायरच्या डोंगराळ भागात हर्बर्ट फ्रूड नावाचा माणूस राहत होता. उतारावरून जाणारे घोडागाडीवाले ब्रेकच्या ठोकळ्यावर जुन्या बुटांचं चामडं ठोकतात, हे त्याने पाहिलं. त्यावरून त्याला ब्रेकचं खास अस्तर बनवण्याची कल्पना सुचली आणि १८९७ मध्ये त्याने त्याचा धंदा सुरू केला. 'फेरोडो' हे नाव पुढे जगभर गेलं ते त्याचंच.

मात्र विसाव्या शतकात या अस्तरात उष्णता सोसणारं ॲसबेस्टॉस आलं आणि त्याने ब्रेकबरोबर एक दुखणंही आणलं. त्याची बारीक धूळ फुप्फुसात बसते आणि बऱ्याच वर्षांनी जीवघेणे आजार उभे करते. युरोपीय संघाने २००५ पासून त्यावर पूर्ण बंदी घातली. आपल्याकडे जुना ड्रम उघडून हवेच्या पाइपने फू करून साफ करण्याची सवय अजून आहे. शेजारी दहावी नापास झालेलं पोर पाना हातात घेऊन उभं असतं. ती धूळ उडवू नये, ओल्या फडक्याने पुसावी. त्याला पैसा लागत नाही.

आता ड्रम आणि डिस्क यांच्याकडे वळू. आपली समजूत अशी की ड्रम जुना आणि डिस्क नवी. खरं तर दोघांचा जन्म एकाच सालातला धरता येतो. १९०२ मध्ये फ्रान्सच्या लुई रेनोने ड्रम ब्रेकची रचना पुढे आणली, आणि त्याच वर्षी इंग्लंडमध्ये फ्रेडरिक लँचेस्टरने डिस्क ब्रेकचं पेटंट घेतलं. पण डिस्क उघडी असते आणि तेव्हाचे रस्ते धुळीचे होते. लँचेस्टरने पॅडला तांबं वापरलं होतं. ते लवकर झिजायचं आणि किंचाळायचं. ड्रम बंद डब्यासारखा असल्यामुळे धूळ बाहेर राहायची. शिवाय चाक फिरताना पुढचा शू स्वतःहूनच ड्रममध्ये ओढला जातो, त्यामुळे पायाला जोर कमी लागतो. या दोन गुणांवर ड्रमने पन्नास वर्षं राज्य केलं. दरम्यान १९२१ च्या सुमारास अमेरिकेत ड्यूसेनबर्ग मोटारीच्या चारही चाकांना तेलाच्या दाबावर चालणारे ब्रेक आले. दांड्या आणि तारा गेल्या, आणि आपले मिस्त्री ज्याला 'ब्रेक ऑइल' म्हणतात ते आलं. डिस्कचे दिवस फिरले ते १९५३ मध्ये. फ्रान्समधल्या ल मां गावच्या चोवीस तासांच्या शर्यतीत जग्वारने डिस्क ब्रेकच्या गाड्या उतरवल्या आणि शर्यत जिंकली. वळणापाशी इतरांपेक्षा उशिरा ब्रेक दाबता आला, हे त्या विजयामागचं मोठं कारण. १९५५ मध्ये सिट्रोएनने सर्वसामान्य गिऱ्हाइकाच्या गाडीला पुढच्या चाकांना डिस्क दिल्या.

आपल्या रस्त्यांवर तेव्हा जीप होती. १९४५ मध्ये महिंद्र बंधू आणि मलिक गुलाम महंमद यांनी 'महिंद्रा अँड महंमद' ही कंपनी काढली. फाळणीनंतर गुलाम महंमद पाकिस्तानात गेले, तिथले पहिले अर्थमंत्री झाले, आणि १९४८ मध्ये कंपनीचं नाव 'महिंद्रा अँड महिंद्रा' झालं. देशाच्या इतिहासाची अशी एक खूण जीपच्या नावामागे आहे. या कंपनीने मुंबईत विलीज जीपची जुळणी सुरू केली. चारही चाकांना ड्रम ब्रेक, तेलाच्या दाबावर चालणारे. मूळ जीप दुसऱ्या महायुद्धातल्या अमेरिकी सैन्यासाठी आखलेली. सैन्याच्या कागदावर तिचं वर्णन होतं 'पाव टनी ट्रक'. पुढे आपल्याकडे लांब सांगाड्याच्या, जास्त वजन नेणाऱ्या गाड्या याच घराण्यात निघाल्या, पण ओझंही त्याच प्रमाणात वाढत गेलं. आपल्या वडापात पंधरा माणसं कोंबली आणि माणशी साठ किलो धरले, तरी नऊशे किलो होतात. टपावरची पोती वेगळीच.

हे वजन घाटात काय करतं? समजा अडीच हजार किलोची भरलेली गाडी पाचशे मीटर खाली उतरली. वर चढताना इंजिनाने डिझेल जाळून जी शक्ती गाडीत साठवली, ती सगळी उतरताना कुठेतरी जिरवावी लागते. इंजिनाने आणि हवेने मदत केलीच नाही, तर ती उष्णता म्हणून ब्रेकमध्ये उतरते. हिशेब केला तर तेवढ्या उष्णतेवर सुमारे चाळीस लिटर पाणी उकळेल. तापलेला ड्रम फुगतो आणि शूपासून लांब जातो. पेडल खाली जातं. लायनर तापून त्याची पकड सुटते. ब्रेक ऑइल हवेतली ओल शोषतं. ते जुनं असलं तर उकळून त्याची वाफ होते, आणि पाय नुसताच दाबत राहतो. वर्तमानपत्रात दुसऱ्या दिवशी 'ब्रेक निकामी झाल्याने' असे तीन शब्द येतात. ते तीन शब्द बहुधा बरेच महिने आधीपासून तयार होत असतात.

डिस्कचा फायदा इथे कळतो. ती उघड्यावर असल्याने लवकर थंड होते. तापून फुगली तरी पॅडकडेच फुगते. गगनबावड्याच्या पावसात ओढ्यातून गाडी काढली तर ड्रममध्ये पाणी शिरून बसतं. डिस्कवरचं पाणी उडून जातं आणि उरलेलं पॅड पुसून टाकतं. आणि पुढच्याच चाकांना का? ब्रेक दाबला की गाडीचं नाक वाकतं, भार पुढे येतो, उतारावर तर जास्तच. म्हणून थांबवण्याचं मोठं काम पुढची चाकं करतात.

यातला खरा विरोधाभास आपल्या गावातच आहे. ऊस आणि गुळाने कोल्हापूरला ओतकाम शिकवलं. चरक, पंप, ऑइल इंजिनं यांच्यासाठी इथे भट्ट्या पेटल्या. शेजारी किर्लोस्करवाडी १९१० पासून उभी होती. पुढे शिवाजी उद्यमनगरातून हा धंदा शिरोली आणि गोकुळ शिरगावच्या वसाहतींत गेला आणि मोटारींचे सुटे भाग ओतू लागला. ड्रम आणि डिस्क ज्या करड्या बिडाच्या होतात, ते आपल्या ओतारीच्या हातातलं बीड. त्याच्यात ग्राफाइटच्या बारीक पाकळ्या असतात, म्हणून ते उष्णता वाहून नेतं आणि थरथर गिळतं. ज्या जिल्ह्यात हे बीड ओतलं जातं, त्याच जिल्ह्याच्या घाटातून झिजलेल्या ड्रमची गाडी खाली जाते.

आता त्या गिऱ्हाइकाच्या प्रश्नाकडे येऊ. डिस्क बसते काय? बसते. त्याच घराण्यातल्या नंतरच्या गाडीचा पुढचा संच जुन्या गाडीच्या आसाला जुळवणारे कारागीर आहेत. पण नुसती डिस्क बसवून भागत नाही. ड्रमसारखी ती स्वतःला ओढून घेत नाही, म्हणून तिला जास्त दाब लागतो. बूस्टर नसेल तर पेडल दगडासारखं लागतं. डिझेल इंजिनात बूस्टरला लागणारी पोकळी आपोआप मिळत नाही. त्यासाठी वेगळा व्हॅक्यूम पंप हवा. मास्टर सिलिंडर योग्य मापाचा हवा. ड्रमच्या नळीत थोडा दाब धरून ठेवणारी झडप असते. ती डिस्कच्या नळीत राहिली तर पॅड कायम घासत राहतात. मागच्या ड्रमचा जोर पुढच्याशी जुळला नाही तर मागची चाकं आधी जाम होतात आणि गाडी आडवी फिरते. रिमच्या आत कॅलिपरला जागा हवी. यातलं एकही सोडलं तर नवा ब्रेक जुन्यापेक्षा घातक ठरू शकतो.

कायदाही आहे. मोटार वाहन कायदा १९८८ च्या कलम ५२ प्रमाणे नोंदणीच्या कागदावर असलेल्या, मूळ उत्पादकाने ठरवलेल्या तपशिलांशी विसंगत होईल असा बदल करता येत नाही, आणि २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने हे कलम काटेकोरपणे वाचलं. तेव्हा बदल करण्याआधी आरटीओत विचारावं. पुढे विमा नाकारला गेला तर भोगतं ते घर.

हे सगळं खर्चाचं आहे, हे मला ठाऊक आहे. आपली माणसं आधी टेप बसवतात, हॉर्न बसवतात, काचेवर पोरांची नावं रंगवतात. या हौसेला मी नावं ठेवणार नाही. गाडी हेच ज्याचं शेत, तो ती सजवणारच. पण ब्रेकची पाळी सगळ्यांत शेवटी येते. उद्यमनगरात कानावर पडणारा संवाद असा असतो :

"चाचा, ब्रेक जरा खाली जातोय. पर दोनदा पंपिंग केलं की लागतोय बघा."

"आरं दादा, घाटात दुसऱ्यांदा पंपिंग करायला तुला येळ कोण देणार?"

त्या चाचांच्या प्रश्नाला उत्तर नाही. ज्याला डिस्कचा खर्च झेपत नाही, त्याने निदान ड्रम लेथवर लावून सारखे करून घ्यावेत, चांगले लायनर बसवावेत, दर दोन वर्षांनी ब्रेक ऑइल बदलावं, एअर नीट काढून घ्यावी. व्यवस्थित ठेवलेला ड्रम अर्धवट बसवलेल्या डिस्कपेक्षा केव्हाही बरा. आणि एक गोष्ट फुकटची आहे : ज्या गिअरमध्ये घाट चढला असता, त्याच गिअरमध्ये उतरा. डिझेल वाचवायला गाडी न्यूट्रल करून इंजिन बंद ठेवणारे आहेत. इंजिन बंद झालं की बूस्टरची पोकळी दोन-तीन दाबांत संपते. वाचलेल्या डिझेलची किंमत मग कुणाच्या तरी घरातून वसूल होते.

मी कविता लिहिणारा माणूस आहे. ओळीत कुठे थांबायचं हे चुकलं की शब्द कितीही चांगले असोत, ओळ घसरते, एवढं मला कळतं. पण ओळ घसरली तर खोडून पुन्हा लिहिता येते.

गगनगडावर गगनगिरी महाराजांचा मठ आहे आणि गैबी पिराचं ठाणंही आहे. घाट उतरण्याआधी ड्रायव्हर तिकडे बघून हात जोडतो, कुणी कपाळाला लावतो, कुणी छातीला. ते त्याने जरूर करावं. मग तोच हात स्टिअरिंगवर ठेवून, उतार सुरू होण्याआधी सपाटीवर एकदा ब्रेक दाबून बघावा. पेडल घट्ट लागलं तर पुढे जावं. खाली गेलं तर तिथेच गाडी उभी करावी. गूळ तासभर उशिरा पोहोचला तरी तो गोडच राहतो.

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)