पडद्यावरील श्वान आणि प्रशिक्षकाचा आवाज : एक ऐतिहासिक आढावा

प्रस्तावना

भारतीय चित्रपटाचा इतिहास प्रामुख्याने दिग्दर्शक, कलावंत व संगीतकार यांच्या अनुषंगाने लिहिला गेला आहे. पडद्यावरील श्वानाचे कौतुक झाले. परंतु त्याला घडविणारा प्रशिक्षक उपेक्षित राहिला. श्वानाचा ‘अभिनय’ प्रशिक्षण, संकलन व ध्वनितंत्र यांच्या संयोगातून सिद्ध होतो, हे प्रस्तुत लेखात मांडले आहे.

प्रशिक्षणाचे स्वरूप

श्वानाला कथा उमगत नाही; त्याला संकेत कळतो. बसणे, थांबणे, वस्तू उचलून आणणे, ठरलेल्या खुणेवर उभे राहणे अशा सुट्या क्रिया खाऊच्या किंवा खेळण्याच्या बक्षिसाने पक्क्या करता येतात. कॅमेऱ्याशेजारी उभ्या असलेल्या प्रशिक्षकावर खिळलेली श्वानाची नजर संकलनानंतर मृत धन्यावर खिळलेली भासते. त्या नजरेतील दुःख प्रेक्षक स्वतःच्या मनातून भरतो.

ध्वनितंत्र व प्रशिक्षण

मूकपटांच्या काळात अमेरिकेतील ‘रिन टिन टिन’ या श्वानाला त्याचा प्रशिक्षक ली डंकन चित्रीकरण चालू असतानाही आज्ञा देऊ शकत असे. कारण ती हाक चित्रफितीवर उमटत नव्हती. बोलपटांमुळे या मोकळिकीवर मर्यादा आली. मुंबईत १९३३ साली स्थापन झालेल्या वाडिया मूव्हीटोनच्या नादिया यांच्या साहसपटांतून ‘गनबोट’ हा श्वान व ‘पंजाब का बेटा’ हा घोडा लोकप्रिय झाले.

पुढे हिंदी चित्रपटांत संवाद स्टुडिओत मागाहून ध्वनिमुद्रित करण्याची पद्धत रूढ झाली आणि प्रशिक्षकाच्या हाकेला पुन्हा वाव मिळाला. ‘तेरी मेहरबानियाँ’ (१९८५) मध्ये धन्याच्या हत्येचा सूड घेणारा मोती आणि ‘हम आपके हैं कौन’ (१९९४) मध्ये चिठ्ठी पोहोचवून कथेला कलाटणी देणारा टफी ही या कालखंडातील ठळक उदाहरणे होत. ‘लगान’ (२००१) नंतर चित्रीकरणस्थळीच ध्वनिमुद्रण करण्याची पद्धत पुन्हा प्रतिष्ठित झाली. अशा चित्रीकरणात हाकेची जागा हाताच्या खुणेला घ्यावी लागते. परिणामी पूर्वतयारीचा कालावधी वाढतो.

कायद्याची चौकट

प्राण्यांना क्रूरतेने वागविण्यास प्रतिबंध करणाऱ्या १९६० च्या अधिनियमाने खेळ करणाऱ्या प्राण्यांची नोंदणी बंधनकारक केली. २००१ च्या नियमांनी त्यात चित्रपटाचा स्पष्ट समावेश केला; तसेच प्राण्याला त्याच्या मूळ नैसर्गिक प्रवृत्तीस अनुसरूनच कृती शिकवावी, अशी अट घातली. २००५ मधील मुंबई उच्च न्यायालयाच्या आदेशानंतर प्राण्यांचा वापर केलेल्या चित्रपटांना भारतीय जीवजंतू कल्याण मंडळाचे प्रमाणपत्र आवश्यक ठरले.

निष्कर्ष

परवान्याच्या कागदावर मालक व प्राणी यांची नोंद होते. प्रशिक्षकाची रीत मात्र त्याच्या स्मरणातच राहते. मायेने शिकविलेली आणि धाकाने शिकविलेली उडी पडद्यावर सारखीच दिसते. म्हणूनच या रीतीची नोंद हा इतिहासाइतकाच नीतीचाही प्रश्न आहे. ठाण्याच्या घोडबंदर रस्त्यावर दूरचित्रवाणी मालिकांचे चित्रीकरण होत असते. ठाणे व कल्याण-डोंबिवली परिसरातील महाविद्यालयांच्या इतिहास विभागांनी अशा ठिकाणी काम करणाऱ्या प्रशिक्षकांच्या मुलाखती संकलित केल्यास मौखिक इतिहासात मोलाची भर पडेल.