थ्रेड : घरी बांधलेल्या विमानाने वीज किती वाहून न्यावी?

१/
माजरी–वणी–आदिलाबाद लोहमार्गावर मुकुटबनचे स्थानक आहे. जुन्या पद्धतीच्या प्रवासी डब्याखाली वाकून पाहिले, तर आसाला पट्ट्यांनी जोडलेले एक बोजड यंत्र दिसते. तो अल्टरनेटर. डब्यातील दिवे आणि पंखे त्याच्या जिवावर चालतात. त्याचे वजन किती, हा प्रश्न प्रवाशालाही पडत नाही आणि गाडीलाही जाणवत नाही.

२/
तेच यंत्र दोन आसनांच्या, हौसेने घरी बांधलेल्या विमानात बसवायचे म्हटले, की पहिला प्रश्न वजनाचाच येतो. वीज हवी, पण तिच्यासाठी किती तांबे आणि लोखंड आकाशात न्यायचे? हा प्रश्न विमानाइतकाच जुना आहे. आज त्याचाच इतिहास पाहू. हा इतिहास शेवटी आपल्या यवतमाळ जिल्ह्यापर्यंत येऊन पोहोचतो.

३/
१७ डिसेंबर १९०३. राईट बंधूंच्या विमानाचे इंजिन त्यांचा कारागीर चार्ली टेलर याने घडवले होते. शक्ती सुमारे १२ अश्वशक्ती, वजन सुमारे ८० किलो. इंधन पेटवणारी ठिणगी मॅग्नेटोतून येई. मॅग्नेटो म्हणजे कायमचुंबकाच्या साहाय्याने स्वतःच वीज निर्माण करणारे छोटे यंत्र. ते इंजिनाच्या चाकाला घासून फिरत असे.

४/
इंजिन सुरू करताना मात्र मॅग्नेटो पुरेसा वेगाने फिरत नाही. म्हणून राईट बंधूंनी कोरड्या बॅटऱ्या आणि एक वेटोळे वापरले. इंजिन चालू झाल्यावर तो सारा संच काढून जमिनीवरच ठेवला जाई. विमानातील विजेच्या इतिहासातला पहिला निर्णय हा असा आहे : सुरुवातीपुरतेच जे लागते, ते खालीच राहू द्यावे.

५/
मोटारींचा मार्ग वेगळा होता. चार्ल्स केटरिंगने रचलेला विजेचा स्टार्टर १९१२ च्या कॅडिलॅक गाड्यांत आला. डायनामो, बॅटरी आणि स्टार्टर यांचे त्रिकूट तेव्हापासून मोटारीत कायमचे बसले. हँडल मारून गाडी सुरू करण्याचे कष्ट संपले. रस्त्यावर चाकांवर टेकलेल्या गाडीला वीसतीस किलो अधिक वजन सहज परवडते. विमानाला ते परवडत नव्हते.

६/
पहिल्या महायुद्धात विमानांत बिनतारी संदेशयंत्र आले आणि वीज हवीच झाली. त्यावरचा तोडगा पाहण्यासारखा होता. छोटा डायनामो विमानाच्या बाहेर बसवायचा, त्याला चिमुकला पंखा लावायचा आणि समोरून येणाऱ्या वाऱ्यावर तो फिरवायचा. आजही अनेक मोठ्या प्रवासी विमानांत असा पंखा आणीबाणीसाठी लपवलेला असतो.

७/
मे १९२७ मध्ये चार्ल्स लिंडबर्गने एकट्याने अटलांटिक ओलांडला. सुमारे साडेतेहतीस तासांच्या त्या उड्डाणात रेडिओ नव्हता आणि पॅराशूटही नव्हते. वाचवलेले वजन इंधनासाठी वापरले. इंजिनाची ठिणगी दोन मॅग्नेटोंच्या स्वाधीन होती. बॅटरी मेली तर काय, हा प्रश्न त्या इंजिनासाठी संभवतच नव्हता.

८/
आता आपल्या भूमीकडे येऊ. १५ ऑक्टोबर १९३२ रोजी जे. आर. डी. टाटा कराचीहून अहमदाबादमार्गे जुहूला उतरले. विमान होते एक इंजिनाचे पस मॉथ, आणि कराचीहून निघताना टपाल सुमारे २५ किलो. विमानात रेडिओ नव्हता. त्या काळचा डायनामो आणि शिशाची बॅटरी यांचे वजन एकत्र केले, तर ते या टपालाच्या जवळपास जाऊ शकले असते. वजनाचा प्रश्न किती खरा होता, हे या एका तुलनेतून कळते.

९/
त्याच सुमारास फ्रान्समध्ये आंरी मिन्ये या हौशी माणसाने ‘पू द्यू सिएल’ म्हणजे ‘आकाशातली ऊ’ हे चिमुकले विमान रचले. ते कसे बांधावे, याचे त्याचे पुस्तक १९३४ मध्ये आले आणि युरोपभर लोक घराच्या कोठारांत विमाने बांधू लागले. विजेचा संसार जवळजवळ शून्य. पण मूळ रचनेत दोष होता : एका विशिष्ट कोनात नाक खाली गेले, की ते वर आणता येत नसे. अनेक जण मृत्युमुखी पडले. बोगद्यातील वाऱ्याच्या चाचण्यांतून दोष सिद्ध झाला, तेव्हा त्या रचनेवर बंदी आली. हा धडा लक्षात ठेवा, पुढे लागेल.

१०/
१९५३ मध्ये पॉल पोबेरेझ्नी याने अमेरिकेत हौशी विमानबांधकांची संघटना स्थापली. या चळवळीला वजन पेलेल असे वीजयंत्र मिळाले, ते मात्र मोटारींच्या जगातून. १९५० च्या दशकाअखेर सिलिकॉनचे डायोड स्वस्त झाले आणि क्रायस्लर कंपनीने १९६० मध्ये आपल्या व्हॅलियंट गाडीत डायनामोच्या जागी अल्टरनेटर दिला.

११/
फरक नेमका कोणता? डायनामोत जड वेटोळी फिरतात आणि सगळी वीज कम्युटेटर व ब्रशांमधून बाहेर काढावी लागते. वेग वाढवला तर ठिणग्या उडतात, वेटोळी सुटू लागतात. अल्टरनेटरमध्ये जड वेटोळी स्थिर असतात. फिरतो तो चुंबकक्षेत्राचा भाग, आणि त्याला थोडीच वीज द्यावी लागते. म्हणून तो कितीतरी अधिक वेगाने फिरवता येतो. वेग वाढला, की तेवढ्याच विजेसाठी यंत्र लहान चालते. हलकेपणाचे मूळ इथे आहे.

१२/
निर्माण होणारा प्रत्यावर्ती प्रवाह डायोड एकदिश करतात आणि बॅटरीतून उलटा प्रवाह येऊ देत नाहीत. त्यामुळे डायनामोला लागणारा ‘कट-आउट’ही गेला. शिवाय इंजिन मंद चालत असतानाही अल्टरनेटर बॅटरी भरू शकतो. गॅरेजमध्ये बसून जुन्या ट्रॅक्टरचा डायनामो बदलताना पाहिला असेल, तर ही गोष्ट तुम्हाला वेगळी समजावून सांगायला नको.

१३/
हौशी बांधकांनी मग शोधमोहीमच सुरू केली. विमानांसाठी प्रमाणित केलेले अल्टरनेटर जड आणि महाग. छोट्या जपानी मोटारींचे अल्टरनेटर मात्र हलके आणि स्वस्त. काहींनी तर ट्रॅक्टरवरचे कायमचुंबकी डायनामो आणून बसवले. काही इंजिनांवर ते उलट दिशेने फिरत, पण वीज निर्माण होण्यास दिशेचे बंधन नसते. चिंता फक्त थंड करणाऱ्या पंख्याची, कारण त्याची पाती एकाच दिशेसाठी वळवलेली असतात.

१४/
वजनाइतकेच महत्त्व त्याच्या जागेला. बर्ट रुटान याच्या ‘लाँग-ईझी’ विमानाने १९७९ मध्ये पहिले उड्डाण केले. त्याचे इंजिन मागच्या टोकाला असते. तिथे स्टार्टर किंवा मोठा अल्टरनेटर वाढवला, की गुरुत्वमध्य मागे सरकतो आणि तो सावरण्यासाठी नाकात वजन ठेवावे लागते. म्हणजे एका किलोपायी दुसरा किलो. म्हणूनच मूळ रचनेत स्टार्टर नव्हता. प्रॉपेलर हाताने फिरवून इंजिन सुरू करायचे. राईट बंधूंचा जुना निर्णयच नव्या रूपात आला.

१५/
इथे दोन वाटा फुटतात. पहिली कायमचुंबकी यंत्राची. ब्रश नाहीत, रचना साधी, वजन कमी. पण वीज मर्यादित आणि मंद वेगात तुटपुंजी. १९८९ मध्ये प्रमाणित झालेल्या रोटॅक्स ९१२ या लोकप्रिय इंजिनात असेच जनित्र अंगभूत असते. ते पूर्ण वेगात साधारण २५० वॅट देते. दुसरी वाट वेटोळ्याच्या चुंबकाची : वीज भरपूर आणि नियंत्रण हाती, पण वजन अधिक, आणि सुरू होण्यास बॅटरीचा आधार लागतो.

१६/
निवड कशी करायची? हिशेब सोपा आहे. १४ व्होल्टला ८ अँपिअर म्हणजे ११२ वॅट. जुन्या धर्तीचा १०० वॅटचा उतरण्याचा दिवा एकटाच सात अँपिअर खातो. एलईडी दिवे लावले, की ही भूक एकदम घटते. म्हणून सर्वांत हलका अल्टरनेटर पुष्कळदा दिव्यांच्या यादीतून मिळतो. गरज कमी करा, मग यंत्र आपोआप लहान होते.

१७/
इतिहासाला खरे वळण मिळाले ते पुढे. मॅग्नेटो असेपर्यंत अल्टरनेटर बंद पडणे ही गैरसोय होती : रेडिओ गेला, दिवे गेले, तरी इंजिन धडधडत राहिले. हलक्या यंत्राची जोखीम घेणे तेव्हा परवडत होते. मग बांधकांनी इलेक्ट्रॉनिक प्रज्वलन स्वीकारले, विजेवर चालणारे इंधनपंप आणले, मोटारीची इंजिने विमानांत बसवली. आता वीज गेली, की इंजिनच थांबते.

१८/
म्हणजे तोच अल्टरनेटर, तेवढेच वजन. पण त्याचा अर्थ पालटला. अमेरिकेतील बॉब नकल्स याने ‘दि एरोइलेक्ट्रिक कनेक्शन’ या पुस्तकातून हौशी बांधकांना हेच शिकवले. अल्टरनेटर कधीच बिघडणार नाही असे समजू नका. तो बिघडणारच असे समजून तारा जोडा. केवळ अत्यावश्यक उपकरणे वेगळ्या वाहिनीवर ठेवा, आणि बॅटरी इतकी ठेवा की उरलेल्या इंधनाच्या आधी ती संपू नये.

१९/
उदाहरण घ्या. अत्यावश्यक भार ४ अँपिअर आणि बॅटरीत प्रत्यक्ष वापरता येण्याजोगी क्षमता १२ अँपिअर-तास असेल, तर हाती सुमारे ३ तास उरतात. भार ८ अँपिअरवर गेला, तर दीडच. हा हिशेब जमिनीवर न मांडता अल्टरनेटरचे केवळ किलो मोजणारा माणूस अर्धेच मोजतो. दुसरा धोका उलटा आहे : नियंत्रक बिघडून व्होल्ट वाढत गेले, तर सगळीच उपकरणे एकदम जळतात. म्हणून अल्टरनेटर तत्काळ तोडणारी व्यवस्था हवी. तिचे वजन वाचवून चालत नाही.

२०/
महाराष्ट्रात घरी विमान बांधण्याची सर्वांत ठळक कथा कॅप्टन अमोल यादव यांची. मुंबईतील कांदिवलीच्या चारकोप भागात इमारतीच्या गच्चीवर त्यांनी सहा आसनांचे विमान बांधले. फेब्रुवारी २०१६ मध्ये ‘मेक इन इंडिया’ सप्ताहात ते लोकांनी पाहिले. नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाकडे त्याची नोंदणी २०१७ मध्ये झाली आणि उड्डाणाचा परवाना २०१९ मध्ये मिळाला. लोकांना ही वर्षे कागदपत्रांतील दिरंगाई वाटली, आणि तीत तथ्य असेलही. पण वजनाचा, गुरुत्वमध्याचा आणि प्रत्येक जोडणीचा हिशेब दुसऱ्या डोळ्यांनी तपासला जाणे हीसुद्धा विमानाच्या बांधणीचीच एक पायरी आहे.

२१/
दुसरी कथा आपल्या जिल्ह्यातली, आणि ती जड मनानेच सांगावी लागते. महागाव तालुक्यातील फुलसावंगीच्या एका तरुण कारागिराने मारुती ८०० चे इंजिन वापरून हेलिकॉप्टर बांधले. ऑगस्ट २०२१ मध्ये जमिनीवरील चाचणी चालू असताना मागचे पाते तुटून मुख्य पात्यावर आदळले आणि त्याचा जीव गेला. हा अपघात विजेचा नव्हता. पण त्याची जात तीच आहे, जी १९३० च्या दशकात ‘आकाशातल्या ऊ’ने दाखवली होती : हात कुशल, हिंमत अपार, आणि तपासणारी दुसरी नजर जवळ नाही.

२२/
त्या तरुणाची कोणी थट्टा करू नये. कोळसा, चुनखडी आणि कापसाच्या या प्रदेशात मोटारपंप, ट्रॅक्टर आणि वेल्डिंगच्या दुकानांतून जे शिक्षण मिळते, ते खरेच असते. चार्ली टेलरही असाच यंत्रशाळेत तयार झालेला कारागीर होता. फरक एवढाच, की त्याच्या शेजारी राईट बंधू होते, जे १९०१ पासून स्वतःच्या वाऱ्याच्या बोगद्यात पंखांचे मोजमाप करत होते.

२३/
जमिनीवरच्या यंत्राचा सुटा भाग आकाशात नेताना त्याला तीन प्रश्न विचारावेत. तुझे वजन किती आणि ते कुठे बसणार? तू सतत थरथरत राहिलास तर तुझे ब्रॅकेट किती तास टिकेल? आणि तू अचानक थांबलास तर माझ्या हाती काय उरेल? पहिल्या प्रश्नाचे उत्तर तराजू देतो. दुसऱ्याचे उत्तर जमिनीवरच्या दीर्घ चाचण्या देतात, त्याही पात्यांच्या फेऱ्याबाहेर उभे राहून. तिसऱ्याचे उत्तर फक्त शांतपणे मांडलेला हिशेब देतो.

२४/
रेल्वेच्या डब्याखालचा अल्टरनेटर बंद पडला, तर दिवे मंदावतात आणि पुढच्या स्थानकावर तक्रार होते. आकाशात पुढचे स्थानक नसते. १९०३ पासून आजवर या क्षेत्रातल्या शहाण्या माणसांनी वीज कमी वाहून नेली, ती केवळ वजन वाचावे म्हणून नव्हे. तिच्यावाचूनही खाली उतरता यावे म्हणून. तुमच्यापैकी कोणी उद्या कोठारात विमानाचा सांगाडा उभा करणार असेल, तर अल्टरनेटर विकत घेण्याआधी तो बंद पडल्यावर काय करायचे, ते कागदावर लिहा. मग तो कागद जाणत्या माणसाकडून तपासून घ्या.

थ्रेड समाप्त.