ओट्याखालचा विजेचा हीटर : बसवण्यापूर्वी आणि बसवताना

पांढुर्णा–सौंसर भागात दिवाळी उलटली की पहाटे फरशीवर पाय ठेववत नाही. पूर्वी चूल पेटली की स्वयंपाकघर आपोआप उबदार व्हायचे. आता गॅस आला, चूल गेली, आणि मॉड्युलर किचन करताना काही घरांत कपाटांखाली हीटर बसवण्याचा विचार होतो.

हा हीटर म्हणजे काय?
कपाटांच्या तळाशी सुमारे १० सेंटीमीटर उंचीची पट्टी असते. सुतार तिला स्कर्टिंग म्हणतात. त्या पट्टीत बसणारा, पंख्याने गरम हवा पायांकडे सोडणारा हा चपटा हीटर. इंग्लंडसारख्या थंड देशांत भिंती कपाटांनी भरल्या, रेडिएटरला जागा उरली नाही, तेव्हा ही सोय उपयोगी पडली. आपल्याकडे कडप्पा किंवा ग्रेनाइटचा ओटा बहुधा विटांच्या आधारावर असतो आणि खाली मोकळी जागा असते. तिथे स्कर्टिंगच नसल्यामुळे हा हीटर बसत नाही.

आधी सिलिंडर बघा
थंड देशांतल्या पुस्तिकांत सहसा न सापडणारा, पण आपल्यासाठी पहिला मुद्दा हा. आपल्याकडे १४.२ किलोचे सिलिंडर बहुतेक वेळा ओट्याखालीच असते. हा गॅस हवेपेक्षा दीडपट ते दुप्पट जड असतो. गळती झाली तर तो वर न जाता फरशीवर साचतो, आणि हीटर नेमका तिथेच हवा ओढतो. त्यामुळे ओट्याखाली सिलिंडर असेल, तर त्या स्वयंपाकघरात हा हीटर बसवू नये. सिलिंडर बाहेर हलवायचे असेल तर ते काम गॅस एजन्सीच्या माणसाकडूनच करून घ्यावे. त्यानंतरही हीटर शेगडीच्या आणि गॅसच्या नळीच्या बाजूला नको, समोरच्या कपाटांखाली असावा. सकाळी आधी खिडकी उघडून वास घ्यावा, मगच बटण दाबावे.

वायरिंग
२००० वॅटचा हीटर २३० व्होल्टवर सुमारे ८.७ अँपिअर वीज ओढतो. म्हणून मुख्य बोर्डापासून २.५ चौरस मिलिमीटरची तांब्याची वेगळी वायर, १६ अँपिअरचा एमसीबी आणि ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी हवा. अर्थिंग नीट आहे का, हे मोजून घ्यावे. जुन्या घरांत अर्थिंगची वायर कधी कधी नुसती लोंबकळत असते. स्विच ओट्याच्या वर, हाताशी असावा. एक्स्टेन्शन बोर्ड कपाटामागे दडवू नये. हे काम परवानाधारक वायरमनचेच.

बसवणे
1. हीटरसोबत आलेल्या कागदी साच्यावरून स्कर्टिंगवर खुणा करा. जागा सिंकखाली आणि फ्रीजशेजारी नको.
2. छिद्र कापून कडा घासा; कापलेल्या कडेला रंग किंवा पॉलिश लावा, नाहीतर पाणी लागून प्लाय फुगतो.
3. पुस्तिकेत दिलेले मागचे आणि वरचे अंतर मोकळे ठेवा.
4. मागे थोडी जास्तीची वायर सोडा. धूळ, झुरळे साफ करायला हीटर बाहेर ओढता आला पाहिजे.
5. जाळी स्कर्टिंगला सपाट बसवा. समोर पायपुसणे टाकू नका.

आपल्याकडे फरशीवर पाणी ओतून ती धुण्याची सवय आहे. हीटर बसल्यावर ती सोडून ओल्या फडक्याने पुसावे लागेल. जमणार नसेल तर भिंतीवर उंच लावायचा हीटर बरा.

खर्च
२००० वॅटचा हीटर पूर्ण शक्तीवर तासभर चालला तर दोन युनिट लागतात. रोज पहाटे अर्धा तास म्हणजे महिन्याला तीस युनिट.

गॅसचा वास आला तर
कोणतेही बटण चालू किंवा बंद करू नका. रेग्युलेटर बंद करा, दारे-खिडक्या उघडा, घरातल्यांना बाहेर काढा आणि बाहेरूनच १९०६ वर फोन करा.