वळिवडें येथील पोलिश निर्वासित : स्मरण व दप्तर

करवीरनजीक वळिवडें येथें इ. स. १९४३ पासून १९४८ पर्यंत सुमारें पांच हजार पोलिश लोकांची वसाहत होती, हें प्रसिद्धच आहे. परंतु ज्या परचक्रामुळें हे लोक येथवर आले त्यांत एकंदर किती जण देशोधडीस लागले, याविषयीं दोन अत्यंत भिन्न आंकडे दिले जातात. त्यांचा निवाडा करण्याचें आम्हीं येथें योजिलें आहे.

ता. १७ सप्टेंबर १९३९ रोजीं सोव्हिएट फौजा पूर्व पोलंडांत शिरल्या. पुढें फेब्रुवारी, एप्रिल व जून १९४०, आणि मे-जून १९४१, अशा चार खेपांत नागरिकांस मालगाडीच्या डब्यांत कोंडून आर्खांगेल्स्क, सैबेरिया व कझाकस्तान इकडे धाडण्यांत आलें. पहिल्या खेपेंत मुख्यतः लष्करी वसाहतदार व वनरक्षक यांचीं कुटुंबें होतीं. दुसरींत अटकेंतील पुरुषांचीं बायकामुलें. तिसरींत पश्चिम पोलंडांतून पळून आलेले आश्रित, ज्यांत बहुसंख्य यहुदी होते. जर्मनीनें रशियावर स्वारी केल्यानंतर ता. ३० जुलै १९४१ चा करार झाला व या लोकांस 'माफी' मिळाली. अपराध कोणता, हें मात्र सांगण्यांत आलें नाहीं. १९४२ त सैनिक व नागरिक मिळून एक लाखावर माणसें इराणांत उतरलीं. त्यांतील कांहीं हिंदुस्थानांत आलीं.

परागंदा पोलिश मंडळींच्या जुन्या अंदाजाप्रमाणें हद्दपारांची संख्या दहा लाखांवर जाते. १९८९ नंतर खुल्या झालेल्या सोव्हिएट दप्तरांवरून चार खेपांची बेरीज सुमारें ३ लक्ष २० हजार भरते. समकालीन कागद श्रेष्ठ, हा आपला नेम. पण कागद कोणी व कशासाठीं लिहिला, हें पाहणें हाही आपलाच नेम. हें दप्तर नेणाराचें आहे. त्यांत डब्यांत चढविलेलीं माणसें मोजलीं आहेत. तुरुंगांत टाकलेले, युद्धकैदी व लाल सैन्यांत सक्तीनें भरती केलेले या बेरजेबाहेर राहतात. तेव्हां हद्दपारांपुरता दप्तराचाच आंकडा ग्राह्य होय. परंतु तीच सर्व आपत्तीची मोजदाद, असें म्हणतां येणार नाहीं.

१९४५ नंतर यांतील बहुतेकांचीं गांवें सोव्हिएट हद्दींत गेलीं. परतण्यास घरच उरलें नाहीं. वळिवड्याचे रहिवासी इंग्लंडादि देशीं पांगले. जे पोलंडांत परतले त्यांस १९८९ पर्यंत ही हकीकत उघडपणें सांगण्याची सोय नव्हती. म्हणून ती घराघरांत, आजीकडून नातवाकडे, तोंडींच चालत आली. एकाच मनुष्याचें नांव रशियन, पोलिश व इंग्रजी कागदांत तीन प्रकारें लिहिलेलें आढळल्यास तीं तीन माणसें नव्हेत, एकच, हें सांगणारी साक्ष बहुधा घरचीच असते.

वळिवड्याच्या त्या जागेवर फाळणीनंतर सिंधी निर्वासित येऊन गांधीनगर वसलें. करवीर प्रांतीं ज्यांच्या संग्रहीं त्या छावणीचीं बिलें, पत्रें वा छायाचित्रें असतील, त्यांनीं तीं क्षुल्लक समजून रद्दींत घालूं नयेत. कोणा दूरदेशींच्या नातवास आपल्या आजीचें नांव त्याच चिठोऱ्यावर सांपडावयाचें असेल.