सावड

१. सावड : शेजाऱ्यांनी आळीपाळीने एकमेकांच्या शेतात राबण्याची रीत. या पुस्तकाच्या लेखकाने सावड आणि इर्जिक हे शब्द एकाच अर्थाने वापरले आहेत, पण त्यांत फरक आहे. सावडीत फेड असते: आज तुमची बैलजोडी माझ्या रानात, परवा माझी तुमच्या. इर्जिकीत फेड नसते. ज्याचे काम, त्याने सगळ्यांना पोटभर जेवू घालायचे, एवढेच. एकाच बैलाच्या धन्याला सावडीवाचून नांगर धरणेच शक्य नव्हते, म्हणून या रीतीकडे केवळ प्रेमळपणा म्हणून पाहू नये. फाल्गुनात हरभरा-गहू निघाला, होळी पेटली की चैत्रात नांगरटीची सावड ठरे.

लेखकाने म्हटलेले ‘बंधाऱ्याचं पाणी’ म्हणजे रावेतजवळ पवनेवर अडवलेले पाणी. मावळातल्या पवना धरणातून सोडलेले पाणी नदीनेच इथवर येते आणि इथून उपसून निगडीच्या शुद्धीकरण केंद्राकडे जाते. त्यामुळे ऐन चैत्रातही इथे नदी तळ्यासारखी भरलेली दिसते. रावेत १९९७ साली पिंपरी-चिंचवड महापालिकेत आले. लेखकाच्या आठवणीतल्या रानांवर आता उंच इमारती आहेत.

पुणे जिल्ह्याच्या उत्तर भागात, डिंभे जलाशयाच्या काठच्या महादेव कोळी वाड्यांमध्ये उतारावर भातखाचरे बांधण्यासाठी सावडीसारखीच एकजूट होते. तिथला शब्द ‘पडकई’. पुढे पृ. ८८ वर लेखकाची आत्या वापरते तो हाच. छापखान्याची चूक नव्हे.