प्राणवायूची दुसरी बाजू

मंडळी, वांगे चिरून तसेच ठेवले तर काळे पडते, म्हणून घरोघरी फोडी पाण्यात टाकतात. पावसाळ्यात कोपऱ्यात राहिलेला विळा गंजतो. दोहोंच्या मुळाशी प्राणवायूच आहे. मग तुम्हीच सांगा, रात्रंदिवस छातीत भरून घेतो तो हा वायू आपल्या शरीराला सोडील होय?

शंका जुनी आहे. १७७४ साली इंग्लंडात जोसेफ प्रीस्टले यांनी हा वायू वेगळा काढला. त्यात मेणबत्ती भराभर जळते, तसे या शुद्ध वायूत आपणही लवकर संपून जाऊ की काय, असे त्यांच्या मनात आले. पुढे फ्रान्समध्ये लाव्हाझिए यांनी श्वसन हे मंद ज्वलनच आहे, असे दाखवून दिले.

आता चूल म्हटली की ठिणग्या आल्याच. शरीरातल्या ठिणग्या म्हणजे 'मुक्त मूलके'. यांच्या एका इलेक्ट्रॉनाला जोडीदार नसतो. तो ही शेजारच्या रेणूकडून हिसकावतात आणि त्याला दुबळा करतात. प्राणवायूची बाधा आणि क्ष-किरणांची इजा यांमागे हीच मूलके आहेत, असे रेबेका गेर्शमन व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९५४ साली मांडले. १९५६ साली डेन्हॅम हार्मन म्हणाले, ही इजा साठत जाते, तेच म्हातारपण. १९६९ साली मॅकॉर्ड आणि फ्रिडोविच यांना ठिणगी विझवणारे विकर शरीरातच सापडले. ठिणग्या फार आणि विझवणारे थोडे, या स्थितीला १९८५ साली हेल्मुट झीस यांनी 'ऑक्सिडेटिव्ह स्ट्रेस' म्हटले.

मग विझवणाऱ्या गोळ्या गिळल्या की झाले, नाही का? फिनलंडात तेही करून पाहिले. सुमारे २९,००० धूम्रपान करणाऱ्या पुरुषांवर प्रयोग झाला. १९९४ साली निकाल आला, तो उलटाच! बीटा-कॅरोटीन घेणाऱ्यांत फुफ्फुसाचा कर्करोग १८ टक्के अधिक आढळला.

खरे म्हणजे ठिणगी सर्वस्वी वैरीण नव्हे. रक्तातल्या पांढऱ्या पेशी तिनेच जंतू मारतात. म्हणून हार्मन यांचा सिद्धान्तही आज जसाच्या तसा कुणी मानत नाही.

तेव्हा बाटलीतल्या गोळीवर पैसे घालण्याआधी ओठांतली विडी टाका. तिच्या धुरातून मूलके थेट छातीत जातात. ताटात भाजी आणि फळे असू द्या. आणि गुरुजी, उद्या वर्गात वांग्याच्या तीन फोडी ठेवा: एक कोरडी, एक पाण्यात, एक लिंबू चोळलेली. तासाभराने मुलांनाच विचारा, काय दिसले?